हरलेले डाव: शून्य

आई गुरुवारी गेली. शनिवारी कॉम्प्युटर गेला.

दोन्ही वेळा घरात मी आणि बाबा होतो, आणि दोन्ही वेळा नेमकं काय करायचं ते आम्हाला कळलं नाही. आईच्या वेळी निदान लोक धावून आले. कॉम्प्युटरच्या वेळी फक्त सुमनमावशी होती. ती आईची धाकटी बहीण, पिंपळगावहून तेराव्यापर्यंत राहायला आलेली. बंद पडलेल्या डब्याकडे तिने पाहिलं, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "मागोमाग गेला गं. लय जीव व्हता त्याचा तिच्यावर."

यात अतिशयोक्ती असेलही, पण फार नाही. जेवणाची भांडी आवरून झाली की आई रोज दुपारी त्या कॉम्प्युटरपुढे बसायची आणि एकटीने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडायची. दुसरं काहीही तिला त्या यंत्रावर येत नव्हतं आणि यावं असं वाटतही नव्हतं. चष्मा नाकाच्या टोकावर, ओठ हलताहेत, मधूनच किलवरच्या गुलामाला दटावणं: "तू गप बस तिथेच!" खेळाच्या एका कोपऱ्यात हिशेब दिसायचा. जिंकलेले डाव अमुक इतके. हरलेले डाव: शून्य.

वर्षानुवर्षं शून्य! मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, दिवसभर विद्वान माणसांत वावरते, पण आयुष्यात एकदाही न हरलेलं माणूस मी आमच्या घरातच पाहिलं.

(डाव अडकला, तर आई तो तसाच ठेवायची. मध्येच सोडला तर हार धरली जाते म्हणून. मग दोन-दोन दिवस कोणी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. बाबांचा पेन्शनचा कागद एकदा बदामच्या दश्शीपायी छापता आला नव्हता.)

बरं, आमच्या घरची लाईटही फार जायची. शेजारच्यांची जात नसे, फक्त आमची. आईचा डाव रंगात आला की हमखास जायची. "गेली बाई," आई शांतपणे म्हणायची. "लाईट गेली की तो डाव धरत नाहीत. नियमच आहे." मला मात्र संताप यायचा. मी वीज कार्यालयाला अर्ज लिहिले. शुद्ध मराठीत, मुद्देसूद, विषय आणि संदर्भासह. एक वायरमन दोनदा खांबावर चढून उतरला. दुसऱ्यांदा उतरल्यावर त्याने बाबांकडे पाहिलं, बाबांनी त्याला चहा विचारला आणि तो चहा घेऊन गेला.

तर कॉम्प्युटर गेला. बाबा म्हणाले, "जाऊ दे आता. कोण वापरणार?" मीही "हो" म्हणाले. पण पुढच्या आठवड्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आईच्या साड्या आत्या आणि मावशीने वाटून टाकल्या, तशीच रीत आहे. तिने घातलेलं लिंबाचं लोणचं भेटायला आलेल्या मंडळींनी संपवलं, तेही रीतीप्रमाणेच. तिच्या हातचं, अजून कोणी नेलेलं किंवा खाल्लेलं नाही असं घरात एकच उरलं होतं, आणि ते त्या बंद डब्यात होतं. ते शून्य मला हवं होतं.

मी कॉलेज रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून पगारेंना बोलावून आणलं. पगारे मोठे सभ्य. घरात दुखवटा आहे हे पाहून त्यांनी शेवटपर्यंत 'मदरबोर्ड' हा शब्द तोंडातून काढला नाही. "मॅडम, तो... मेन बोर्ड गेलाय," म्हणाले. "नवीन टाकू. हार्डडिस्कपण नवीन घ्या, विंडोज नवीन टाकतो, सगळं फ्रेश."

"डिस्क जुनीच राहू द्या. आहे तशी. तिच्यातलं काही पुसायचं नाही."

"जुनी नव्या बोर्डाला बसेलच असं नसतं. डेटा काय आहे? ऑफिसचा?"

"कौटुंबिक दस्तऐवज," मी म्हणाले. खोटं बोलताना माझी भाषा फार शुद्ध होते.

"बोर्ड असा जळत नाही सहसा," पगारे आत डोकावत म्हणाले. "लाईट लय जाते का तुमच्याकडे?"

"लय! मी अर्ज केलेत."

"त्यानेच गेला. यूपीएस घ्या सोबत. लाईट गेली तरी चालू राहील."

"नको, नको," मागे उभे असलेले बाबा एकदम बोलले. "यूपीएस कशाला? आता लाईट नाही जाणार."

"बाबा, तुम्हाला काय माहीत?"

बाबांनी पंख्याकडे पाहिलं. मी यूपीएस घेतला. हट्टाने घेतला.

नव्या बोर्डाला जुनी डिस्क जोडली. पडदा उजळला, क्षणभर ओळखीचं काहीतरी दिसल्यासारखं झालं, आणि सगळं निळं पडलं. निळ्यावर पांढरी अक्षरं. पगारेंनी बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा निळं. तिसऱ्यांदाही निळंच.

मावशी दारात उभी राहून पाहत होती. "कावळा शिवंना गं," ती म्हणाली.

इथे सांगायला हवं की दहाव्याला रामकुंडावर आईच्या पिंडाला कावळा लगेच शिवला होता. गुरुजी मंत्र संपवायच्या आत! माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग नातेवाईक पुढे होऊन वचनं देतात. मावशीने वचनांची तयारी घरूनच करून आणली होती आणि तिला एकही देता आलं नव्हतं. ती संधी आता आली.

"अक्का!" मावशीने निळ्या पडद्याला हात जोडले. "मंजीचं लग्न करून देऊ!"

"मावशी, मी बेचाळीस वर्षांची आहे."

"मग काय झालं? तू मधी बोलू नको." पडदा निळाच राहिला. आईलाही ते पटलं नसावं. "दाजी, तुम्ही बोला. तुमचंच ऐकंल ती."

पगारे खाली मान घालून कसलीतरी सेटिंग शोधत होते. बाबा सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले, देवधर्मात फारसे नसलेले. ते उठले. कॉम्प्युटरपुढे उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं आणि हात जोडून हळूच म्हणाले, "तुझा डाव कोणी मोडणार नाही."

पगारेंनी त्याच वेळी काहीतरी दाबलं. पडदा काळा झाला, मग उजळला आणि आईने ठेवलेलं गंगापूर धरणाचं चित्र समोर आलं.

पगारेंनी नंतर मला समजावून सांगितलं की डिस्कशी बोलायची पद्धत नव्या बोर्डाची वेगळी असते, ती जुन्यासारखी करावी लागते. मी ते मावशीला सांगितलं. "तेच तर दाजींनी केलं," मावशी म्हणाली.

पण माऊस हलेना. जुन्या विंडोजला नव्या बोर्डाची यूएसबी ओळखू येत नव्हती. पगारेंनी पिशवी उपसून जुन्या काळचा गोल पिनेचा एक माऊस काढला. "हा चालेल. याचं बटण जरा हलकं झालंय. एकदा दाबलं की दोनदा दाबतो. सांभाळून." मग ते आदबीने म्हणाले, "दस्तऐवज उघडून बघा मॅडम. सगळे आहेत ना?"

मी पत्त्यांचा खेळ दाखवला.

पगारेंनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, पैसे घेतले आणि गेले. जाताना चप्पल घालता घालता म्हणाले, "माझी आई भरतकाम करायची."

मग आम्ही तिघं बसलो. "फक्त आकडे दाखव," बाबा म्हणाले. मी खेळ उघडला, तसे पत्ते आपोआप वाटले गेले. त्यांच्याकडे लक्ष न देता मी हिशेब उघडला. जिंकलेले इतके. हरलेले: शून्य. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. मावशीचे डोळे वाहत होते. आई गेल्यापासून घरात इतकं शांत पहिल्यांदाच वाटलं.

"बंद कर आता," बाबा म्हणाले.

मी बंद करायला गेले. माऊसने एकदाऐवजी दोनदा दाबलं आणि इस्पिकची सत्ती टुणकन उडी मारून वरच्या रिकाम्या घरात जाऊन बसली.

"हे काय झालं?"

"काही नाही. एक पत्ता हलला."

"म्हणजे डाव सुरू झाला?"

बंद करू पाहिलं तर पडद्याने विचारलं: डाव सोडला तर हार धरली जाईल, सोडायचा का? मी "नाही" केलं. आता एकच मार्ग होता, जिंकायचं!

"तुला येतो का हा खेळ?" बाबांनी विचारलं.

"तत्त्व सोपं आहे बाबा. लाल-काळ्याची उतरती रांग लावायची आणि—"

"तत्त्व नको. येतो का?"

"वर्षानुवर्षं बघत आलेय."

"लाल राजा उचल," मावशी म्हणाली. मी उचलला. "आता त्याच्याखालचा." तोही उचलला. "आता एक्का काढ." एक्का तळाशी होता. त्याच्यावर सहा पत्ते, आणि ते ठेवायला कुठेही जागा नाही. चारही रिकामी घरं मी भरून टाकली होती. अर्धा तास आम्ही तिघं त्या पत्त्यांकडे पाहत बसलो. चहा गार झाला.

"अडकला," मी म्हणाले.

बाबा उठले. पॅसेजमध्ये गेले. *खट्* असा आवाज आला. पंखा थांबला. फ्रिज थांबला. कॉम्प्युटर थांबला नाही. टेबलाखालून यूपीएस टीं... टीं... करू लागला.

"गेला का?" पॅसेजमधून बाबांचा आवाज.

"लाईट गेली बाबा."

"लाईट मी घालवली. कॉम्प्युटर गेला का?"

"नाही."

"का नाही?"

माझ्या डोळ्यांपुढून सगळे अर्ज एकेक करून जात होते. विषय आणि संदर्भासह.

"बाबा, तुम्ही... नेहमी?"

"ती हाक मारायची. 'अहो, बघा जरा,' म्हणायची. मी बघायचो." ते दारात येऊन उभे राहिले. "मला वाटलं तुला माहीत असेल. तू एवढी शिकलेली."

मावशीने तोंडात पदर कोंबला होता. रडते आहे की हसते आहे ते कळेना. नंतर कळलं की दोन्ही. "लहानपणी बी अशीच व्हती," ती कशीबशी म्हणाली. "हरायला लागली की कंदील फुंकायची!"

"तो डबा बंद कर आधी!" बाबा म्हणाले.

मी टेबलाखाली शिरले. यूपीएसचं बटण दाबलं. टीं टीं थांबलं, बाकी काही झालं नाही. वायर ओढावी तर चार वायरी, चारही काळ्या, एकमेकींत गुंतलेल्या. वर बाबा खुर्चीत बसल्याचा आवाज आला, मग माऊसची टिक टिक. आजवर त्यांनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता.

"मंजू, हे काहीतरी विचारतंय."

"काय विचारतंय?"

"सोडायचा का, असं."

"बाबा, काही दाबू नका! मी आले!"

टिक टिक.

मी डोकं आपटून बाहेर आले. "काय दाबलंत?"

"हो."

"हो का दाबलंत?"

"विचारलं की हो म्हणायचं," बाबा म्हणाले. "लग्न झाल्यापासून माझं तेच धोरण आहे."

हरलेले डाव: एक.

पगारेंना फोन केला. ते म्हणाले, पुसता येईल, पण सगळंच पुसलं जाईल. जिंकलेलेही. बाबांनी नकारार्थी मान हलवली. मी "राहू द्या" म्हणाले. मग बाबा बराच वेळ पडद्यासमोर बसून होते. मला वाटलं, दिलेला शब्द मोडला म्हणून मनाला लागलं असेल. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "बाबा, चूक माझी."

"खेळत कोण होतं?"

"मी."

"मग तिचा डाव कुठे मोडला? तू तुझा हरलीस." आणि ते उठून मेन स्विच वर करायला गेले.

मावशी तेरावं झाल्यावर पिंपळगावला गेली. लोक अजून अधूनमधून भेटायला येतात. चहा झाला की बाबा त्यांना आतल्या खोलीत नेतात, मला हिशेब उघडायला लावतात आणि बोट ठेवून समजावून सांगतात. जिंकलेले सगळे आईचे आहेत. हरलेला एक आहे. तो माझा.