नणंदेचं यकृत

माझ्या नवऱ्याच्या पोटात त्याच्या थोरल्या बहिणीच्या यकृताचा तुकडा आहे. आता मी हे सहज सांगते. ऑपरेशननंतर बरेच महिने मात्र हेच वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं, तरी मी विषय बदलायचे.

यकृत खरं तर मी देणार होते. नवरा दारूच्या थेंबालाही न शिवलेला माणूस, पण त्याच्या शरीराने स्वतःच्याच यकृताशी वैर धरलं होतं. आम्ही दोघंही सॉफ्टवेअर कंपन्यांत. तो पुण्याचाच, मी नोकरीसाठी अमरावतीहून आलेली. त्याला थकवा यायचा तेव्हा आम्हाला वाटायचं, अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्या कुणालाही येतो तसाच असेल. पोटात पाणी साठायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आता यकृत बदलण्याशिवाय इलाज नाही. मी लगेच तयार झाले. पण माझा रक्तगट जुळला नाही. माझ्याबाबतीत विषय तिथेच संपला.

ताईंचा जुळला. ताई नारायण पेठेत राहतात आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवतात. त्या म्हणाल्या, "घ्या. लहानपणापासून माझं काय काय घेतलंय त्याने, त्यात हे एक."

ऑपरेशन चांगलं झालं. दोघं आपापल्या घरी परतले, आणि माझ्या घरात ताईंच्या नावाचा गजर सुरू झाला. नातेवाईक भेटायला यायचे, तोंडाला मास्क लावून दारातूनच बोलायचे आणि बोलायचे ते ताईंबद्दल. "अशी बहीण मिळायला भाग्य लागतं." मी आत त्याचं पाणी उकळत असायचे. त्याला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून भांडी वेगळी, चादरी रोजच्या रोज, बाथरूम मीच धुवायची. शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या द्यायच्या, त्याही मीच. त्याबद्दल कुणी काही म्हणावं अशी माझी अपेक्षा नव्हती, असं मी स्वतःला सांगायचे.

नवऱ्याने त्या यकृताला 'ताई' म्हणायला सुरुवात केली. जेवताना उजव्या बरगडीखाली हात ठेवून म्हणायचा, "ताईला आज भूक आहे." किंवा, "तिखट नको, ताई रागावेल." सगळे हसायचे, मीही हसायचे. आमच्या जेवणाच्या टेबलावर खुर्च्या दोनच होत्या, पण जेवायला रोज तिघं बसायचे.

काही महिने असे गेले. मग एका दुपारी ताईंचा मला फोन आला.

"त्याला खाज सुटलीय म्हणे सगळ्या अंगाला. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागला होता, ते एसीमुळे असेल असं मला वाटलं होतं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरतेस."

"आणि त्या नाही घाबरत?"

"तिला विचारायला नको? लिव्हर तिचंच आहे."

तो हे चिडून म्हणाला नाही. अगदी साधेपणाने म्हणाला, म्हणून जास्त लागलं. मी त्याची बाही वर केली. हातभर ओरखडे होते.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यात यकृताचे आकडे वर गेलेले निघाले. आम्ही तिघंही डॉक्टरांसमोर बसलो. डॉक्टर शांत बाई होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळ्या चुकल्या का मधे?"

"गोळ्या हीच देते," ताई म्हणाल्या. एवढंच. पण कुठली मुलगी गणितात चुकली ते वर्गाला सांगावं, तसा तो सूर होता.

"चुकलेल्या नाहीत," मी म्हणाले.

रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासलं, ते बरोबर निघालं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग यकृताला रक्त नेणारी वाहिनी बंद तर पडली नाही ना, हे बघायला सोनोग्राफी केली. रक्त नीट जात होतं. "म्हणजे शरीर नवं यकृत नाकारतंय का, ते बघावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "सुईने छोटा तुकडा काढून तपासू."

तो तुकडा तपासून येईपर्यंतचे दिवस मला नीट आठवतात. एकदा भाजी चिरताना माझ्या मनात आलं, त्याचं शरीर ताईंना नको म्हणतंय. आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, मला बरं वाटलं. मग त्याचा अर्थ काय होतो ते लक्षात आलं आणि मी विळी बाजूला ठेवून उठले.

रिपोर्ट आला. शरीराने यकृत नाकारलं नव्हतं.

"मला माहीत होतं," ताई म्हणाल्या, "आमचं दोघांचं पहिल्यापासून जमतं."

पण खाज वाढतच होती, आणि आता त्याच्या डोळ्यांतही पिवळी झाक दिसत होती. डॉक्टरांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारायला घेतलं. ताप? नाही. पोटात दुखतं? नाही. शौचाचा रंग?

"नेहमीसारखा," तो बहिणीसमोर संकोचून म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "आठवडाभर पांढुरका आहे, शाडूच्या गोळ्यासारखा. आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद. मला वाटलं, पाणी कमी पितोय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाथरूम तुम्ही धुता?"

"हो."

"मग हे आधीच तुम्हाला विचारायला हवं होतं."

नवऱ्याने मान खाली घातली. मला त्या खोलीत नको इतकं समाधान वाटलं. तो आजारी होता, डोळे पिवळे पडले होते, आणि मी मनातल्या मनात जिंकले होते.

पित्तनलिकांचा एमआरआय काढला, त्यात दोष सापडला. डॉक्टरांनी कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या. "ही यांची, ही ताईंच्या यकृताबरोबर आलेली. जिथे जोड दिला, तिथे आकसलीय. पित्त खाली उतरत नाही, ते रक्तात जातं. म्हणून खाज." तोंडातून दुर्बीण घालून त्या जोडात एक बारीक नळी बसवायची ठरली.

ते चाललं होतं तेव्हा ताई आणि मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत बसलो होतो.

"मला अजून टाक्यांच्या भोवती बधिर वाटतं," ताई एकदम म्हणाल्या. "शाळेत सगळ्या विचारतात, भाऊ कसा आहे. मी कशी आहे ते कुणी विचारत नाही."

"कशा आहात?"

"आता विचारून उपयोग नाही, मी सांगितलं म्हणून विचारतेयस." त्यांनी चहाचा घोट घेतला. "खरं सांगू? तुझा राग येतो मला. मी दिलं, आणि घरी जाऊन पडून राहिले. तो बरा होतोय तो तुझ्या हातचं खाऊन. रोज डोळ्यांसमोर आहे तुझ्या. मला फोनवर कळतं."

मी म्हणाले, "मलाही तुमचा येतो."

"ते दिसतंच. तुम्हा वऱ्हाडातल्या लोकांना लपवता येत नाही."

दोघींनाही हसू आलं नाही. पण त्यांनी स्वतःच्या बशीतलं एक बिस्किट माझ्या बशीत ठेवलं आणि मी ते खाल्लं.

नळी बसली. थोड्याच दिवसांत खाज गेली, डोळे पांढरे झाले. पुढे वर्षभर दर काही महिन्यांनी ती नळी बदलावी लागली आणि शेवटी काढून टाकली. जोड आता रुंद राहिला आहे. तो कामावर परत गेला.

माझा मत्सर मात्र कुठल्या तपासणीत सापडून गेला, असं झालं नाही. सणासुदीला ताईंचं कौतुक सुरू झालं की अजूनही मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाते. हल्ली फरक एवढाच, की थोड्या वेळाने ताईही कंटाळून आत येतात, ओट्याशी उभ्या राहतात आणि विचारतात, "काय, संपलं का त्यांचं बोलून?"