आत्याच्या घरातला ताप

सख्ख्या आत्यानंच मला सून करून आणली तेव्हा सगळे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. कसलं डोंबलाचं नशीब!

माझ्या लेकीला लहानपणापासून अधूनमधून ताप यायचा, पोट दुखायचं, मग सगळं आपोआप थांबायचं. आजार रक्तातून आलाय, रोजची गोळी चुकवायची नाही, असं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आत्या मात्र येईल त्याला सांगायची, "हिच्या माहेरचं दुखणं हाय." आता माझं माहेर तेच आत्याचंही माहेर नाही का? पण तिच्या तोंडाला कोण लागणार!

यंदा साखर कारखाना सुरू झाला आणि पोरीचा ताप उतरेचना. मांड्या अशा ठणकायच्या की नुसती चादर लागली तरी ओरडायची. आत्या म्हणाली, उसण भरलीया. मी गोठ्यात होते, तेवढ्यात तिनं गल्लीतली पायाळू बाई आणली, जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पायाळूची लाथ बसली की उसण जाते म्हणे! पोरीची किंकाळी ऐकून मी शेणाच्या हातानंच पळाले आणि त्या बाईला दंडाला धरून बाहेर काढलं.

डॉक्टर म्हणाले, हे दुखणं त्याच आजारातलं आहे, पण रोजच्या गोळीनं थांबणार नाही. त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या आणि मधेच बंद करू नका म्हणून बजावलं. आठवड्याभरात पोरगी भिंतीला धरून चालायला लागली. आत्या गावभर सांगत सुटली, "लाथ लागू पडली!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग पोरगी परत अंथरुणाला खिळली. गोळ्या शोधल्या, तर पाकीट आत्याच्या कनवटीला.

"आत्या, पोरगी मारायची हाय का तुमाला?"

"मरत न्हाय कुणी. लाथेनं बरी झाली हुती, म्हणून काढल्या गोळ्या. मी न्हाय का भोगलं? तुझ्या बापालाबी यायचा हा ताप. आमच्या आयनं कुणाला कळू दिलं न्हाय, म्हणून लग्नाच्या बाजारात खपले मी."

"आन् तरी मला सून करून आणली?"

"म्हणून तर आणली. परक्याची पोर असती तर चार गावात बोभाटा केला असता तिनं."

मी तिच्या कनवटीतून पाकीट ओढून काढलं. पोरीला आधी खायला घातलं, मग गोळी दिली. आत्याला म्हणाले, "हिला बघायला पाव्हणं येतील तवा पयला हा ताप सांगणार मी. तुमच्यासमोर."