दुकानात न मिळणारं पॉलिश

त्या पॉलिशच्या डब्याची गोष्ट आजही आठवते आणि आजही डोकं चक्रावतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचे तपास लागले आणि बरेचसे मी विसरूनही गेलो. त्यांच्यापुढे हा गुन्हा किरकोळ. पण चोर सापडूनही माझा गोंधळ संपला नाही, असं या एकाच प्रकरणात झालं.

ऐंशीच्या दशकाची अखेर असावी. मी ठाणे शहरात पोलीस उपनिरीक्षक होतो. तेव्हा चारचाकी गाड्या आजच्यासारख्या बोकाळल्या नव्हत्या. इमारतीत एकाकडे गाडी असली की तिचा मान सगळ्या इमारतीला. अशा वेळी नौपाड्यातून एक, चरईतून एक आणि टेंभी नाक्याजवळून एक अशा तीन गाड्या पाठोपाठ चोरीला गेल्या. काच फुटलेली नाही, कुलूप तोडलेलं नाही. मालक सकाळी खाली उतरतो तर जागा रिकामी. आम्ही फिर्यादी घेतल्या, पंचनामे केले, अज्ञात चोरट्याविरुद्ध गुन्हे दाखल केले आणि रोज सकाळी वरिष्ठांची बोलणी खाऊ लागलो.

तेव्हा एक दुकानदार आपण होऊन खबर द्यायला आला. गाड्यांची सीट कव्हरं, हॉर्न, पायपुसणी असा माल ठेवणारा, बोलायला गोड माणूस. आपण होऊन ठाण्याची पायरी चढणाऱ्याला एक तर काहीतरी ठाऊक असतं, नाही तर त्याचं कोणाशी तरी वाकडं असतं. मी त्याला चहा मागवला.

"साहेब, गाड्यांचं एक पॉलिश निघालंय," तो म्हणाला. "पेपरात जाहिरात येते. पण कुठल्याच दुकानात मिळत नाही. फक्त पोस्टानं. आणि मागवताना विचारतात काय, तर गाडीचा रंग कुठला, किती जुनी, उघड्यावर उभी असते की छपराखाली. आता मला सांगा, पॉलिशवाल्याला गाडी कुठे उभी असते ते कशाला पाहिजे?"

मी कान टवकारले. तिघाही फिर्यादींना विचारलं. दोघांकडे तेच पॉलिश निघालं. एकानं डबाच आणून टेबलावर ठेवला. छोटा, गोल, पत्र्याचा डबा. झाकणावर पॉलिशचं नाव होतं आणि त्याखाली, तितक्याच ठळक अक्षरांत, बनवणाऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

गोंधळाची सुरुवात तिथूनच झाली. लबाडी करणारा माणूस आपलं पूर्ण नाव छापून झाकणावर लावेल कशाला? माझा हवालदार मुरलेला होता. तो म्हणाला, "साहेब, नाव खोटं असणार. नाय तर माणूस लई शाना असणार."

नाव खोटं नव्हतं. पोस्टातून पत्ता मिळाला, ठाकुर्लीचा. डोंबिवलीच्या ठाण्याला कळवून आम्ही तिकडे गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, गॅलरीत स्टोव्ह, त्यावर पातेलं आणि घरभर टर्पेंटाइन आणि मेणाचा वास. तो रसायनशास्त्राचा पदवीधर होता. रंगाच्या कारखान्यात नोकरीला होता, कारखाना बंद पडल्यावर त्यानं हे सुरू केलेलं. बायको पालिकेच्या दवाखान्यात नर्स. चोरीच्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा त्या घरात नव्हता. मी ठाण्यात चला म्हटलं तेव्हा त्यानं का म्हणून विचारलं नाही. इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि आमच्या पुढे जिना उतरला.

ठाण्यात त्याला बसवून मी पहिला प्रश्न तोच केला. गाडी कुठे उभी असते याची चौकशी कशाला?

"उन्हातल्या गाडीचा रंग कोरडा पडतो. तिला तेल जास्त लागतं. छपराखालच्या गाडीला तेच लावलं तर धूळ चिकटते. मी प्रत्येक गाडीसाठी वेगळं बनवतो."

हे पटण्यासारखं होतं. "मग एवढा चांगला माल दुकानात का ठेवत नाही?"

इतका वेळ डोळ्याला डोळा देऊन बोलणाऱ्या माणसानं इथे नजर खाली केली. "दुकानात पडून राहिलं की घट्ट होतं. तीन-चार महिन्यांत. मग लोक माझ्या नावानं ओरडतील."

त्याच्या बायकोलाही बोलावून घेतलं होतं. दुसऱ्या खोलीत महिला पोलीस शेजारी बसवून तिला मी तोच प्रश्न विचारला. ती पटकन म्हणाली, "दुकानदार कमिशन फार मागतात. परवडत नाही."

आमच्या धंद्यातला हा जुना नियम आहे. दोघांना वेगवेगळं विचारायचं. उत्तरं जुळली नाहीत तर कोणीतरी खोटं बोलतंय. मी पुन्हा त्याच्याकडे गेलो. "तुमच्या मिसेस तर कमिशनचं सांगतात." त्यानं शर्टाची बाही सारखी केली. तिला म्हटलं, "तुमचे मिस्टर म्हणतात घट्ट होतं." ती म्हणाली, "होत असेल. ते बनवतात, त्यांना माहीत." दोघांना समोरासमोर बसवलं तर दोघंही टेबलाकडे बघत बसली.

मी फिर्यादीचा डबा उघडून पाहिला. त्यानं तो आदल्या वर्षी घेतलेला होता. आतलं पॉलिश लोण्यासारखं मऊ. म्हणजे नवरा खोटं बोलत होता. गाड्यांचा माल विकणाऱ्या आणखी एकाला कमिशन विचारलं. त्यानं सांगितलं ते अगदी रीतीचं. म्हणजे बायकोही खोटं बोलत होती. आता खोटं बोलण्याचंही एक गणित असतं. माणूस चोरीबद्दल, पैशाबद्दल, बाईबद्दल खोटं बोलतो. आपला माल दुकानात का ठेवत नाही, याबद्दल कोणी कशाला खोटं बोलेल? त्यात फायदा कोणाचा? मी हवालदाराला विचारलं, तर तो डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, मला तर वाटतं पॉलिशच्या खाली कायतरी दुसरंच असणार." आम्ही चमच्यानं डबा तळापर्यंत उकरला. खाली पॉलिशच होतं.

चौकशी चालू असेपर्यंत त्याची पार्सलं थांबवावीत असं पत्र मी पोस्टाला दिलं होतं. त्याला रोज हजेरीला बोलवायचो. तो यायचा, बाकावर सरळ बसायचा, सही करून जायचा. एक दिवस त्याच्याऐवजी बायको आली, दवाखान्याच्या पांढऱ्या साडीतच.

"साहेब, धंदा बुडाला तर बुडू द्या. माझा पगार आहे, आम्ही जगू," ती म्हणाली. "पण लोकांनी माल मागवलाय आणि तो पोचत नाहीये. लोक म्हणतील फसवलं. झाकणावर आमचं नाव आहे हो. एकदा का ते नाव खराब झालं की लोक नुसतं ह्यांना नाही बोलणार, आमच्या..." एवढं बोलून ती थांबली.

"तुमच्या काय?"

"काही नाही," म्हणाली आणि ड्युटीला उशीर होतोय म्हणून निघून गेली. मला वाईट वाटलं आणि रागही आला. कर नाही त्याला डर कशाला, ही म्हण मी तेव्हा फार वापरायचो. ही दोघं काहीतरी लपवत होती आणि काय ते मला कळत नव्हतं.

मग चोरीला गेलेली एक गाडी भिवंडीच्या रस्त्यालगत बेवारस सापडली. आमचा ड्रायव्हर आत डोकावला आणि म्हणाला, "साहेब, चावी आतच हाय. पण ही कंपनीची नाय, घासून बनवलेली हाय." मालकाची अस्सल चावी त्याच्या घरी होती. म्हणजे कोणीतरी ठसा घेऊन दुसरी बनवली होती. मी तिघा मालकांना एकत्र बोलावलं आणि विचारलं, गेल्या काही महिन्यांत गाडी चावीसकट कोणाच्या हाती दिली होती? तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघांनी सीट कव्हरं बसवायला गाडी दिवसभर एकाच दुकानात सोडली होती. आम्हाला खबर देणाऱ्याच्या दुकानात.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. त्याच्याकडे कव्हरं बसवणारा फिटर साबणाच्या वडीवर चावीचा ठसा घ्यायचा आणि पत्ता साथीदाराला द्यायचा. धरल्यावर त्यानं फारशी खळखळ केली नाही. दुकानदाराला यातलं काही ठाऊक नव्हतं, हेही तपासात निघालं. बिचारा घाबरून अर्धा झाला होता. माझ्या पाया पडायचा तेवढा बाकी होता.

मी पोस्टाचं पत्र मागे घेतलं, ठाकुर्लीच्या माणसाला बोलावून तसं सांगितलं. इथे खरं तर माझं काम संपलं. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. शिवाय या माणसाला आपल्यामुळे त्रास झाला, त्याचं काही भलं करावं असंही वाटलं. मी म्हटलं, "चला माझ्याबरोबर. तो दुकानदार आता माझा शब्द मोडायचा नाही. तुमचा माल त्याच्या शोकेसमध्ये लावून देतो."

"नको साहेब. राहू द्या."

"अहो, नको काय? दुकानात माल गेला की पोस्टाची कटकट संपली."

"साहेब, खरंच नको." मी ऐकलं नाही. पोलिसाला नकार ऐकायची सवय नसते. जीपमध्ये बसवून नेलाच त्याला.

दुकानदारानं आम्हाला बघून स्टुलं पुढे केली, थंड पेयं मागवली. मी डबा काउंटरवर ठेवला आणि माझं म्हणणं सांगितलं. त्यानं झाकण उघडून वास घेतला, थोडं पॉलिश बोटानं काउंटरच्या पत्र्यावर घासून पाहिलं.

"माल एक नंबर आहे साहेब. मी काय म्हणतो, मागे हे आलेले तेव्हाच मी ह्यांना सांगितलेलं. उद्यापासून ठेवतो."

मागे आलेले? मी त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिलो. खबर देताना हा गृहस्थ, असं एक पॉलिश निघालंय, म्हणाला होता. जणू बनवणाऱ्याला कधी पाहिलंच नाही.

"काय सांगितलेलं?" मी विचारलं.

"काही नाही हो. झाकणावरचं तेवढं नाव बदला. आडनाव तरी काढा. दुसरं कुठलंही घाला, नाही तर नुसती इंग्लिश अक्षरं टाका. मला काही नाही साहेब, मी असलं मानत नाही. हे माझ्याकडे चहा पिऊन गेलेत. पण गिऱ्हाईक वाचतं ना. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं जपलेल्या सवयी असतात लोकांच्या."

तो हे अगदी प्रेमानं बोलत होता. मी झाकणाकडे पाहिलं. इतके दिवस ते नाव माझ्या टेबलावर होतं, मी ते खरं की खोटं तेवढंच तपासलं होतं. आडनावावरून माणूस कोण ते ओळखायची खोड आपल्याकडे कोणाला नाही? हे बौद्ध कुटुंब आहे हे मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं तेव्हाच पाहिलेलं. पण त्याचा पॉलिशशी काही संबंध असेल हे माझ्या ध्यानीमनी आलं नव्हतं.

पॉलिशवाल्यानं शांतपणे झाकण लावलं, डबा पिशवीत टाकला. "हरकत नाही शेठ. पोस्टानं बरं चाललंय."

मी दुकानदारावर ओरडलो, हे कबूल. काय बोललो ते आठवत नाही. तो हात जोडून म्हणत होता, "पण साहेब, मी केलं काय?" आणि खरंच, त्यानं काय केलं हे मला कायद्याच्या भाषेत सांगता येईना. त्यानं शिवी दिली नव्हती, हाकललं नव्हतं, उलट थंड पेय पाजलं होतं. मला कितीतरी कलमं पाठ होती. त्या घडीला एकही लागू पडत नव्हतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं असतंत, पुरावा काय," तो म्हणाला. "आणि साहेब, खरं सांगू? लाज वाटते हो. वागतात ते, आणि लाज आपल्याला वाटते. म्हणून मी घट्ट होतं म्हणतो, बायको कमिशन म्हणते. मी असा चार-पाच दुकानांत गेलेलो. सगळ्यांना माल आवडला. सगळे म्हणाले, नाव काढा. माझ्या बापानं आयुष्यभर रस्ते झाडले, त्याचं नाव कुठे छापलं नाही. मी छापणार. आणि पोस्टाचं बरं असतं. जाहिरातीत नाव असतं, ते वाचूनच माणूस मागवतो. ज्याला नको तो मागवत नाही. मला कोणाचं तोंड बघावं लागत नाही."

मी त्याला घरापर्यंत सोडतो म्हटलं, तो नको म्हणाला आणि स्टेशनकडे चालू लागला.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. माणूस खोटं बोलला की त्यानं काही केलं आहे, असं आम्ही पोलीस धरून चालतो. कधी कधी त्याला कोणी काही केलेलं असतं आणि ते सांगायची त्याला चोरी वाटते. पुढे नोकरीत मी जबाब घेताना हे लक्षात ठेवायचा प्रयत्न केला. नेहमी जमलं असं नाही. आणि त्या दुकानदाराला वाईट माणूस म्हणायचं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. तो आमच्यातल्या कितीतरी जणांसारखाच होता. बहुधा त्यामुळेच ठरवता येत नसावं.

निवृत्त झाल्यावर या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा कोणाचंच नाव घालायचं नाही असं ठरवलं. बाकीच्या प्रकरणांत काही वाटलं नाही. इथे मात्र पेन अडलं. शेवटी पत्ता शोधत ठाकुर्लीला गेलो. तो आता म्हातारा झालाय, पॉलिश मुलगी बघते. मी त्याला अडचण सांगितली. तुमचं नाव गाळून ही गोष्ट छापली तर मी त्या दुकानदाराहून वेगळा कसा?



"सगळ्यांचीच गाळताय ना साहेब?"

"सगळ्यांची. माझ्या वरिष्ठांचीसुद्धा."

"मग गाळा," तो म्हणाला. "माझं एकट्याचं नको होतं."