फरकाचा रकाना

जगात काहीच हरवत नाही, ते कुठे गेलं एवढं लिहायचं राहून जातं, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या कारखान्याचे गॅसवाले काका. त्यांनी उभी हयात समुद्रातल्या गॅसविहिरींची मासिक पत्रकं भरण्यात काढली. विहिरीतून गॅस किती निघाला, विकला किती, तिथल्याच इंजिनांना किती लागला, चिमणीवर जाळून किती टाकला, हे सरकारला कळवायचं. निघालेला आणि गेलेला यांचा मेळ बसलाच पाहिजे. हा मेळ त्यांच्या अंगात इतका मुरला होता की एका लग्नात त्यांनी आचाऱ्याला गाठून विचारलं, "जिलब्या केल्या किती, वाढल्या किती, मग बाकीच्या कुठायत?" वरपक्षाला वाटलं, आळ आपल्यावर आला. पंगत अर्धा तास खोळंबली. सिल्वासाजवळ वासोण्याच्या सफारीत आम्ही सिंह बघत होतो, तर हे गाइडला म्हणाले, "पाटीवर चार आहेत, दिसले तीन. चौथ्याची नोंद कुठाय?"

निवृत्तीनंतर ते सिल्वासाला, माझ्या ॲल्युमिनियम वितळवायच्या कारखान्यात गॅसची पत्रकं भरायला आले. ही भट्टी मी शून्यातून उभी केली आहे. मीटरवर आलेला गॅस आणि भट्टीत जळलेला गॅस यांत थोडी तफावत राहतेच. बाकीचे ती 'मीटरचा फरक' या रकान्यात लिहून मोकळे होतात. काका मात्र साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन पाइपाचा जोड न् जोड माखत फिरायचे. बुडबुडा आला की गळती. आमचा गुजराती फिटर म्हणायचा, "काका, एटलुं तो चालशे." काका त्याच्यापुढे पेन धरायचे, "मग तू सही कर."

ऐन मोठ्या ऑर्डरीत त्यांना भट्टीमागच्या जोडावर बुडबुडे दिसले.

"आठ दिवस थांबा, काका. या महिन्यात मीटरचा फरक लिहा."

"मीटर ठीक आहे, शेठ. गॅस हवेत चाललाय."

"इथे मालक कोण?"

"तुम्ही. पत्रक माझं."

त्यांनी लिहिलं, 'गळती. जागा सापडली. दुरुस्ती बाकी.' ते वाचून तपासणीवाले आले, लाइन बंद झाली, ऑर्डर वापीच्या दुसऱ्या कारखान्याला गेली. मी सगळ्या कामगारांसमोर ओरडलो की खोटा आकडा लिहून तुम्ही मला बुडवलंत, उद्यापासून येऊ नका. ते मान खाली घालून गेले. दुसऱ्या दिवशी जोड उघडला, तर आतून पार कुजलेला होता. मी नवा बसवून घेतला, काकांना काही कळवलं नाही. तरी सांगतो, आठ दिवस थांबायला हवं होतं त्यांनी. तो राग आजही गेलेला नाही.

नवा माणूस पाच मिनिटांत पत्रक भरतो. त्याच्या आकड्यावर सही करायला मन धजेना, तेव्हा मी सिल्वासातच डोकमर्डीला काकांच्या घरी गेलो आणि म्हटलं, परत या.

"येतो," ते म्हणाले. "पण आधी फाइलीत तुमच्या हाताने लिहा, गळतीचा आकडा खरा होता."

"तोंडी सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"तोंडी आकडा मी कधी घेतला नाही, शेठ."

सौद्यात आधी उठतो तो जिंकतो, हे मला धंद्याने शिकवलंय. मी उठलो. जिना सावकाश उतरलो. मागून हाक येतेच. आली नाही. म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू.

चौथ्या दिवशी ते झोपेतच गेले.

तेराव्यानंतर मी ते वाक्य लिहिलं. कारखान्याच्या कागदावर, सही-शिक्क्यासह. त्याची पोच द्यायला आता कोणी नाही.