जरीनाचा दुखवटा

फिरोजाबादच्या त्या गल्लीत संध्याकाळ अंगणातून वर चढायची. घरोघरी बायका छोट्या दिव्यांपुढे बसत, काचेच्या बांगड्यांची उघडी तोंडं ज्योतीवर धरून जोडत, आणि हिरवा, जांभळा, केशरी उजेड भिंतींवर असा डुलत राही, की सगळी गल्ली पाण्याखाली गेलीय असं वाटावं.

या पाण्यात तुफैलमियाँ सुखानं पोहत. दिवसा बांगड्यांच्या वखारीत कारकून आणि उरलेल्या वेळात उर्दू कथाकार. भट्टीवरच्या मजुरांच्या, गोरगरिबांच्या त्यांच्या कथा दिल्लीच्या मासिकात छापून येत. पण त्याआधी त्या त्यांच्याच अंगणात, कामाला जमलेल्या बायकांपुढं वाचल्या जात. दर गुरुवारी असरची, दिवस कलतानाची नमाज झाली की ते खाटेवर बसून नवी कथा वाचत आणि बायका हात न थांबवता ऐकत. इथं पसंत पडली, की मगच ती टपालात पडे.

"भाईजान, सासूला जरा बोलू द्या की! इतकी मुकी सासू आणलीत कुठून?" हे शेजारच्या अन्वरीचं. एकटी, विधवा, तोंडाची फटकळ. हल्ली ती बांगडी अगदी नाकाशी धरून जोडायची. कुणी विचारलंच तर म्हणे, "वास घेतेय. काच शिळी नाही ना, बघायला नको?"

सगळ्या हसत. तुफैलमियाँही हसत आणि मनात टिपून ठेवत.

तेच पुढं कथेत आलं. जरीना, बांगड्या जोडणारी. बांगडी नाकाशी, डोळ्यांपुढं धुकं. शेवटी दिवा उलटतो आणि जरीना जाते. वाचून झाल्यावर बायकांनी पदर डोक्यावर ओढले आणि एकेक करून दिवे मालवले. तुफैलमियाँ मनातून खूश झाले. कथा लागली म्हणायची!

दुसऱ्या दिवशी दुपारी, अंगणात बांगड्या जोडायला येणाऱ्या सईदनकडून खिचडी आली. पाठोपाठ कुणाकडून डाळ-भात, कुणाकडून आलू-गोश्त. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारी जेवण पाठवतात. आणि जरीनाला दुसरं घर होतं कुठं? तिच्या मागंपुढं कुणी नाही, असं तुफैलमियाँनीच तर लिहिलं होतं.

"अहो, पण ती खरी नव्हती!" ते कळवळून बायकोला म्हणाले.

"हळू बोला, बाहेर बायका बसल्यात," कैसरजहाँनी खिचडी वाढून घेतली. "आणि दर आठवड्याला एकीला मारत चला. माझ्या गुडघ्यांना तेवढाच आराम."

तिसऱ्या दिवशी अन्वरी पोळ्यांचं ताट घेऊन भिंतीच्या कडेकडेनं आली.

"भाईजान, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"जरीनाला दिसत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय! मीच तर लिहिलं."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या पानापासून."

"मग तिला दवाखान्यात का नाही हो नेलंत? तुम्ही तिथंच तर होतात."

तुफैलमियाँकडे उत्तरं पुष्कळ होती. समाज, ठेकेदार, गरिबी. मासिकाच्या संपादकांना ती फार आवडत. पण तेवढ्यात अन्वरीनं ताट तिपाईवर ठेवलं. तिपाई वीतभर पलीकडं होती. पोळ्या फरशीवर पसरल्या.

"तुमची तिपाई फार फिरते बाई," अन्वरी हसत म्हणाली, आणि हातांनी फरशी चाचपू लागली.

तुफैलमियाँनी पोळ्या गोळा केल्या. मग बायकोला म्हणाले, "बुरखा चढव. अलीगढला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय, तिघांना."

दुखवट्याच्याच पोळ्या वाटेत शिदोरीला झाल्या. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे. उशीर झालाय, पण एक डोळा वाचेल.

ऑपरेशन झालं आणि काही आठवड्यांनी जाड काचांचा चष्मा लावून अन्वरी अंगणात आली. भिंतीवरचा केशरी उजेड ती तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिली, सापडलेला दागिना बघावा तसा. मग खाटेकडं वळली.

"या अल्ला! भाईजान, दाढी एवढी पांढरी झाली? कुणी सांगितलंही नाही!"

अंगण हसण्यात बुडालं.

"आणि पुढच्या वेळी कुणी मरायला लागली, तर लिहिण्याआधी हाक मारा. मागाहून खिचडी पाठवण्यापेक्षा ते बरं."

तुफैलमियाँनी नवी कथा उघडली. दोन ओळी वाचल्या आणि थांबले. समोर दिव्यांची रांग डुलत होती. तिच्या टोकाला, निळ्या उजेडात, सईदनची बांगडी हळूहळू नाकाशी चालली होती.

त्यांनी कागद मिटले आणि हाक मारली.