सीटखालचा ठिपका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. शेगावला दरवर्षी जातो, हात जोडतो, सगळ्यांसाठी सगळं मागतो — पण हे तेवढं तिथंही गाळतो. तुम्ही मला ओळखत नाही, ते एका अर्थी बरंच आहे. ओळखीच्या माणसाला सांगायला बसलो की मी चहा मागवतो, उन्हाबद्दल बोलतो आणि विषय बदलून मोकळा होतो. नऊ वर्षं हेच चाललंय. पश्चात्ताप म्हणाल तर असेलही. पण खरं सांगू? आता हे सांभाळून ठेवण्याचाच थकवा आलाय.

अकोल्यात माझं गाड्यांच्या आतल्या कातड्याचं दुकान आहे. सीट, दरवाजे, स्टिअरिंग — विटलेलं कातडं घासून साफ करायचं, तडे भरायचे, पुन्हा रंगवायचं. आमच्या उन्हाळ्यात बंद गाडीतल्या कातड्याचा पापड होतो, त्यामुळे कामाला तोटा नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, गजूभाऊची नजर पक्की. कुठलाही रंग आणा, गजूभाऊ जुळवून देतो. गजूभाऊ म्हणजे मी. आणि ही पक्की नजर मुळात कुणाची होती, ते मी कुणाला सांगत नाही.

ती वानखडे काकांची होती. काका आधी इथल्या कापडगिरणीत होते, रंगखात्यात. गिरणी बंद पडली, तेव्हा त्यांनी सीट कव्हरचं दुकान टाकलं आणि त्यातून हे कातड्याचं काम सुरू केलं. मी अकोटहून त्यांच्याकडे आलो तेव्हा तिशीला आलो होतो, दोन धंदे बुडवून झाले होते. त्यांनी मला कातडं शिकवलं, फवारणी शिकवली, धीर शिकवायचाही प्रयत्न केला. रंग मात्र बनवू दिला नाही. तेरा वर्षं मी घासत होतो, भरत होतो, फवारत होतो — आणि रंग मोजून मिसळायच्या चमच्यांना हात लावायची परवानगी नव्हती. विचारलं की म्हणायचे, तुला घाई आहे, नजर अजून बसली नाही. खोटं नव्हतं ते. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाला रोज हे ऐकायला कसं वाटत असेल?

त्यांची पद्धत ठरलेली. गाडीचा मूळ रंग बघायचा तर सीट काढून उलटी करायची. खाली आत दुमडलेली कातड्याची पट्टी असते, तिला कधी ऊन लागलेलं नसतं. त्या पट्टीवरून रंग जुळवायचा, तोही सकाळी नऊ ते साडेदहा, दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली. ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांनी कधी रंग बनवला नाही. म्हणायचे, लाइट खोटं बोलते. मग बनवलेल्या रंगाचा अंगठ्याएवढा ठिपका त्या पट्टीवर लावायचा आणि वाळल्यावर बघायचा. ठिपका दिसला, तर रंग चुकला. ठिपका दिसेनासा झाला, तर जुळला. तोवर कुणी बोलायचं नाही, चहासुद्धा प्यायचा नाही.

वस्तीत त्यांना आणखी एक मान होता. जयंतीच्या पताकांचं निळं कापड काका स्वतः रंगवायचे. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून, अख्खी सकाळ घालवून. बाजारचा निळा त्यांना चालायचा नाही. वस्तीतले लोक तर म्हणायचे, वानखडेंचा निळा दुसऱ्या कुठल्या वस्तीत बघायला मिळत नाही.

आता ज्या गाडीपायी हे सगळं घडलं, ती गाडी. अमरावतीचे एक हाडांचे डॉक्टर होते, त्यांनी हौसेनं जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. दोन माणसांची, जमिनीला टेकलेली, परदेशी. आमच्या रस्त्यांवर ती चालवायची म्हणजे प्रत्येक स्पीडब्रेकरला आत बसलेल्यानं श्वास रोखून धरायचा. काका म्हणाले होते, हे रस्ते हाडांच्या डॉक्टरच्याच फायद्याचे आहेत. डॉक्टर हसले. पण रंगाच्या बाबतीत गंमत नव्हती. आतलं कातडं पार फिकं पडलं होतं, आणि त्यांना कारखान्यातून निघाली तेव्हाचाच रंग हवा होता. पानाला लावतात तो ओला काथ असतो ना, तसा रंग होता तो. तांबूस, पण तांबडा नाही.

काकांनी तीन सकाळी घालवल्या. तिसऱ्या दिवशी ठिपका दिसेनासा झाला. मी स्वतः पाहिलं. मग त्यांनी डबाभर रंग बनवला, झाकण लावलं आणि बाळापूरला निघाले. लेक मायाकडे नातीचं बारसं होतं. जाताना मला म्हणाले, "गजू, रंग पुरून उरन. त्यात थेंबभरबी काही टाकू नोको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फवारायला घेतलं. डबा स्टुलावर उघडा ठेवला होता, कंप्रेसरचा पाइप ओढला, आणि पाइपानं स्टूल पाडलं. अर्ध्याहून जास्त रंग फरशीवर. अशा वेळी माणसानं काय करावं? फोन खिशात होता. काका म्हणाले असते, थांब, मी येतो. चिडले असते, एवढंच. डॉक्टरांनाही चार दिवस थांबायला हरकत नव्हती. मला कुणाचीही घाई नव्हती — हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मी स्वतःला बरेचदा उलटं सांगितलं.

मी फोन केला नाही. मी चमचे घेतले. तपकिरी, थोडा लाल, थेंबभर काळा. दुकानातले पांढरे दिवे लावले आणि तासाभरात रंग जुळवला. डब्यात उरलेल्या रंगात ओतला, ढवळला, आणि अख्खी गाडी आतून रंगवली. सीट, दरवाजे, डॅशबोर्ड. दिव्याखाली ती इतकी सुंदर दिसत होती की मी स्वतःशीच म्हणालो, बघा काका, नजर बसली की नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका बाळापूरच्या एसटीनं थेट दुकानावर आले. हातात बारशाच्या पेढ्यांचा पुडा. डॉक्टर आणि त्यांच्या पत्नीही आल्या होत्या. आम्ही गाडी ढकलत बाहेर उन्हात आणली.

उन्हात काथाचा रंग विटेच्या रंगाकडे झुकलेला दिसत होता. मला लगेच दिसलं. डॉक्टरांनी दाराच्या खिशाचं आतलं, न रंगवलेलं कातडं बाहेर ओढून शेजारी धरलं. म्हणाले, वानखडेकाका, हा तो रंग नाही. आवाज चढवला नाही. भला माणूस.

काका गाडीत वाकले. किती तरी वेळ तसेच वाकून राहिले. त्यांना दिसत होतं. चूक त्यांना स्वच्छ दिसत होती, हे विसरू नका — मी विसरलेलो नाही. मग त्यांनी मागे वळून मला विचारलं, "गजू, हा मीच बनवला का रे?"

माझ्याकडे एवढाच एक क्षण होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

"हो काका," मी म्हणालो. "तुमच्याच डब्यातला हाये."

शब्दाला शब्द लावून बघाल तर पुरतं खोटंही नाही, नाही का? डबा त्यांचाच होता. इथं थांबलो असतो तरी... पण नाही. ते गोंधळून बघत राहिले, आणि मला भीती वाटली की आता म्हणतील, सीट काढ, ठिपका बघू. चार बोल्ट होते फक्त. ठिपका तिथंच, वीतभर खाली होता. म्हणून मी पुढे बोललो. कुणी न विचारता बोललो.

"काका, तीन-चार महिन्यांपासून पाहून राहिलो. तुमाले एखाद्या दिवशी बरोबर दिसते, एखाद्या दिवशी नाही. सांगू कसं, समजत नव्हतं."

हे मी कुठून काढलं, मला माहीत नाही. असं काहीही झालं नव्हतं. पण किती अचूक बेतलं होतं बघा. आज चूक दिसली म्हणून डोळे चांगले, असंही आता त्यांना म्हणता येणार नव्हतं. बरोबर दिसलं तरी तो फक्त चांगला दिवस.

काकांनी सीट काढायला सांगितली नाही. माझा शब्द होता ना. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला आणि डॉक्टरांची माफी मागितली. पेढ्यांचा पुडा गाडीच्या टपावर राहिला होता. तो डॉक्टरांच्या पत्नीनं उचलून त्यांच्या हातात दिला. डॉक्टर म्हणाले, राहू द्या, वाईट नाही दिसत. आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, त्यांच्या डोळ्यांचं बघा. अमरावतीत चांगली सोय आहे.

मीच घेऊन गेलो त्यांना अमरावतीला. मीच! तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, वयाच्या मानानं डोळे उत्तम, रंगांची काही अडचण नाही. मला वाटलं, सुटलो. काका परतीच्या बसमध्ये म्हणाले की आज चांगला दिवस असेल. मशीनपेक्षा गजू रोज बघतो, त्याला जास्त कळणार. आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मूर्तिजापूर येईपर्यंत झोपले.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. आधी प्रत्येक रंग मला दाखवायला लागले. मग मीच बनवायला लागलो आणि ते शेजारी बसायला लागले. मग बसायचेही थांबले. तेरा वर्षं न मिळालेले चमचे मला असे मिळाले. आणि एक लिहायचं राहू नये — मला बरं वाटलं होतं. पहिल्या दिवशी चमचे हातात आले तेव्हा, लाज सोडून सांगतो, मला छान वाटलं होतं.

त्या वर्षी जयंतीला वस्तीत बाजारचा निळा आला. काका म्हणाले, चुकीचा रंग लागला तर लोकांना काय तोंड दाखवू. नंतर ते बाळापूरला मायाकडेच राहायला गेले. माया फोनवर सांगायची, बाबा भाजीसुद्धा विचारून घेतात. टमाटा पिकला का, वांगं ताजं आहे का. सकाळी उठून दोरीवरचे कपडे बघतात आणि तिला विचारतात, हा कोणता, तो कोणता. उत्तरं जुळली की म्हणतात, आज चांगला दिवस. उत्तरं रोजच जुळतात, माया म्हणायची. मग बाबा असं का करतात हो गजूभाऊ?

मी म्हणायचो, वय झालं.

गेल्या महिन्यात ती गाडी परत आली. डॉक्टरांनी ती केव्हाच विकली होती. आता तिवशाकडचा एक तरुण मालक आहे, त्यालाही मूळ रंगच हवा आहे. गाडी दुकानाच्या दारात उभी राहिली तेव्हा मी ओळखलं, आणि कामगारांना म्हणालो, हिला कुणी हात लावू नका. चारही बोल्ट मी काढले. सीट उलटी केली, नऊ वर्षांची धूळ पुसली, आणि पट्टीवर ठिपका शोधायला लागलो.

सापडेना. बोटानं चाचपावं लागलं. रंगाच्या थराची बारीकशी कड नखाला लागली, तेव्हा कळलं, इथं आहे. नऊ वर्षांनीही कातडं कुठं संपतं आणि काकांचा रंग कुठं सुरू होतो, हे मला दिसत नव्हतं. सकाळी नऊ वाजता, कडुनिंबाखाली.

गाडी मी त्याच ठिपक्यावरून रंगवली. तरुण खूश झाला. म्हणाला, गजूभाऊ, काय नजर आहे तुमची. मी मान हलवली. हेही लिहून ठेवतो.

पट्टी मात्र मी कापून घेतली होती. सीटला त्यानं काही होत नाही. रविवारी ती पिशवीत घालून बाळापूरला गेलो, सगळं सांगायचं ठरवूनच. एसटीत वाक्यंही तयार केली होती.

काका अंगणात खाटेवर बसले होते. खूप वाळलेत. मला बघून त्यांना आनंद झाला, तो मला बघवला नाही. मी पट्टी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "काका, तुमाले ते डॉक्टरची गाडी आठवते? तिच्या सीटखालची पट्टी हाये. याच्यावर तुमचा ठिपका हाये, पाहा बरं."

मला वाटलं होतं, ते बघतील आणि त्यांचं त्यांनाच समजेल. माझं सांगायचं काम वाचेल. म्हणजे तिथंही पळवाट होतीच.

त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली. चष्मा काढून बघितली, लावून बघितली. उठून उन्हात गेले, परत सावलीत आले. मायाला हाक मारून दोरीवरच्या लुगड्याचा रंग विचारून घेतला आणि पुन्हा पट्टीकडे बघितलं. मग खाटेवर येऊन बसले.

"नाही दिसून राह्यला बावा ठिपका," ते म्हणाले. "माह्या रंग चुकला होता तं ठिपका दिसाले पाह्यजे, पण मले तं सारा एकच रंग दिसते. आज खराब दिवस हाये."

मला एवढंच म्हणायचं होतं — काका, मलाही दिसत नाही. कुणालाच दिसणार नाही. तुम्ही बरोबर होता.

ते पट्टीवरून अंगठा फिरवत होते. कड त्यांच्या अंगठ्याला लागली नाही. त्यांनी पट्टी नीट घडी करून मला परत दिली आणि म्हणाले, "तूच पायत जाय गजू. तुह्यी नजर पक्की हाये."

मी पट्टी पिशवीत ठेवली. मायानं चहा आणला. आम्ही दोघांनी तो घेतला, आणि साडेचारच्या एसटीनं मी अकोल्याला परत आलो.