ओटी बांधून वर्गात बसलेली माय

आज मायनं कापूस वेचाची, कमरेले झोळीसारखी बांधाची ओटी पेटीतून काढली आन् त्या कापडाच्या वासानं मले एकदम आमची शाळाच आठवली. माझ्या लहान भावाले ऑटिझम आहे. घंटा वाजली का तो कान दाबून थेट रोडकडे पळे, म्हणून त्याच्यासाठी मदतनीस द्या असं माय हेडसरले कितीदा सांगून राह्यली होती, आन् सर दरवेळी म्हणत, "तुम्ही आहाच ना वहिनी." मग ऐन वेचणीत वावर सोडून, कमरेले ओटी तशीच बांधलेली, माय त्याच्या बाजूले वर्गात बसे. एक दिवस तालुक्याहून साहेब आले. मी बाजूच्या वर्गातून खिडकीले नाक लावून पाहून राह्यली होती. घंटा झाली, भाऊ उठला, मायनं त्याच्या पाठीवर हात दाबून ठेवला, आन् तो चक्क खाली बसला. साहेब खूश. "मदतनीस चांगली ठेवली सर तुम्ही. बाई, कधीपासून आहे कामावर?" माय शांतपणे म्हणे, "हा जलमला तवापासून. मी माय आहे याची, साहेब. मदतनीस अजून यायचीच आहे." हेडसर टेबलावर खडू शोधाले लागले. संक्रांतीच्या आधी मदतनीस ताई आल्या, आन् माय वावरात गेली. आत्ता शेजारच्या काकू दारात उभ्या आहेत, त्यांच्या पोरीलेही ऑटिझम आहे, आन् ती यंदा पहिलीत गेली. "आमच्या पोरीले भेटन का वं मदतनीस?" मी काही बोलाच्या आत मायनं ओटी कमरेले बांधली आन् म्हणे, "भेटन ना. चाल, साहेब कधी येते ते विचारून येऊ."